मेहुण्याबरोबर मेहूणला

मेहुण्याला पक्ष्यांचा नाद लागला तेव्हा मला बरंच वाटलं होतं. आमच्या भुसावळात नादांचे याहून वाईट प्रकार आहेत. पण डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे साडेचारला तो दारात उभा. "भाऊजी, चला. मेहूणच्या बाजूला पक्षी उतरलेत."

मे महिन्यात 45 अंशांत भाजून निघणारी आमची कातडी. थंडी तिला वर्षातले पंधरा दिवस ठाऊक. मी स्वेटरवर बायकोची जांभळी शाल पांघरली, तर "भडक रंग नको" म्हणून त्याने ती काढायला लावली. तिकडे पाण्यात जांभळी पाणकोंबडी चालते म्हणे!

हतनूर धरण मला पेपरातून पाठ. पावसाळ्यात 41 दरवाजे उघडल्याची बातमी येते, तेवढंच. तापी-पूर्णेच्या संगमाकडचा फुगवटा पहिल्यांदाच बघत होतो. उथळ पाणी, गाळ, लव्हाळं आणि त्यात कुठेतरी पक्षी.

"तो बघा, काडीच्या डावीकडे!"

"कोणत्या काडीच्या?"

"ती काय, आडवी!"

आडव्याच साठेक काड्या होत्या. दुर्बिणीतून मला आधी माझ्याच पापण्या दिसल्या, मग नुसतं पाणी, मग मेहुण्याचा कान.

"वारकरी!" तो कुजबुजला. मुक्ताईची भूमी, मी चटकन चप्पल काढून हात जोडले. निघाला काळा पाणपक्षी. कपाळावर पांढरं गंध लावल्यासारखा पट्टा, म्हणून ते नाव. मग हळदी-कुंकू बदक आलं. चोचीचं टोक पिवळं, मुळाशी लाल ठिपका. "दिसलं, दिसलं," मी म्हणालो. दिसलं नव्हतं, पण हळदी-कुंकवाला नाही कसं म्हणायचं?

आणि मग मला सापडली. बारा बदकं, एका ओळीत, सारख्या अंतरावर. इतकी शिस्त मी भुसावळ स्टेशनावर तिकिटाच्या खिडकीपुढेही पाहिलेली नाही. मेहुण्याने दुर्बीण घेतली, बराच वेळ पाहिलं आणि काही न बोलता वही मिटली. तेवढ्यात होडीतून एक मासेमार आला. त्याने पहिलं बदक मानेला धरून उचललं. खाली जाळं लोंबत होतं.

"काय पाहून राहिले भाऊ?"

"बाटल्या," मी म्हणालो.

दुपारी मात्र मी मेहुण्याला सगळं माफ केलं. डब्यात बामणोदच्या वांग्यांचं, पऱ्हाट्यांवर भाजलेलं भरीत होतं, सोबत कळण्याच्या पुऱ्या आणि कांद्याची पात. चार बोटं भरतात असतानाच डोक्यावर कलकलाट झाला. पट्टकदंब! हिमालय ओलांडून येणारे हंस. इतके खाली आले, की पंखांचा आवाज येत होता. दुर्बीण गाडीत होती, म्हणूनच बहुधा मला स्पष्ट दिसले. मोजले. अकरा.

मेहुण्याचे दोन्ही हात तेलाने बरबटलेले. "वही दे, मी लिहितो," मी म्हटलं.

"राहू द्या भाऊजी," तो घास गिळत म्हणाला, "तुम्ही बाराच लिहाल."