वाट बघा, संशोधन चालू आहे

समाजशास्त्रात पीएचडी करते म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे नक्की काय करतेस?" विषय सांगितला की तेही विचारायचे थांबतात. माझा विषय आहे 'वाट पाहणे'. माणसं रांगेत, प्रतीक्षागृहात, फोनवरचं संगीत ऐकत कशी थांबतात, कोण कोणाला थांबवतं आणि थांबणाऱ्याला आतून काय होतं. आत्या म्हणाली, "याची डिग्री मिळते? मग माझी कितीतरी वर्षं थकलीय."

विषय हलका नाही, बरं का. लिऑन मान यांनी मेलबर्नमध्ये फुटबॉलच्या तिकिटांसाठी रात्र रात्र रांगेत काढणाऱ्यांचा अभ्यास केला आणि रांग हा स्वतःचे कायदे असलेला एक छोटा समाजच असतो, असं १९६९ साली लिहून ठेवलं. बॅरी श्वार्ट्झ यांनी १९७४ मध्ये पुढचं सांगितलं: दुसऱ्याला तिष्ठत ठेवता येणं हीच सत्ता. हा लेख मी सरांच्या केबिनबाहेरच्या खुर्चीत बसून वाचला. दोनदा वाचून झाला तरी दार उघडलं नव्हतं. पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात मनापासून लिहिलेलं तेवढंच एक पान आहे.

पहिला मुक्काम नैतिकता समिती. मानवी व्यक्तींवरच्या संशोधनाला असे नियम लागले, त्यामागे खरोखर काळे प्रसंग आहेत, त्यामुळे तक्रारीला तोंड नाही. पण अर्जात रकाना होता, 'या संशोधनामुळे सहभागी व्यक्तीस कोणता धोका संभवतो?' मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'कंटाळा.' अर्ज तीन महिन्यांनी परत आला. शेरा होता: 'कंटाळा कमी करण्यासाठी कोणती उपाययोजना केली आहे, ते नमूद करावे.'

ते तीन महिने मी मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅम वाचत काढले. समोरच्याला आपण विजेचे झटके देतोय असं माणसांना खोटंच भासवणाऱ्या प्रयोगांसाठी संशोधनातल्या नैतिकतेच्या प्रत्येक व्याख्यानात ज्यांचं नाव निघतं, तेच हे. पुढे न्यूयॉर्कला त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना भुयारी रेल्वेत पाठवलं. बसलेल्या माणसाला कारण न सांगता विचारायचं, "तुमची जागा मला देता का?" सुमारे ६८ टक्के लोकांनी एक तर उठून जागा दिली, नाहीतर सरकून करून दिली. हाल झाले ते विचारणाऱ्यांचे. स्वतः मिलग्रॅम प्रयोगाला उतरले तर त्यांच्या घशातून शब्द फुटेना. आणि जागा मिळाल्यावर ती शोभावी म्हणून आजाऱ्यासारखं बसावंसं वाटू लागलं. पुढच्या एका प्रयोगात त्यांनी माणसांना १२९ रांगांमध्ये मध्येच घुसवलं. हा सगळा भाग मी जरा जास्तच रस घेऊन वाचला. कारण अनोळखी माणसाकडे जाऊन "तुमचा थोडा वेळ मिळेल का?" असं विचारताना माझ्याही पोटात तेच होतं, आणि मी तर कोणाची खुर्चीसुद्धा मागत नाही.

मग मुलाखती. किती घ्यायच्या? २००६ सालच्या एका बऱ्याच गाजलेल्या लेखात साठ मुलाखती तपासून दाखवलंय की नव्या गोष्टी बहुतेक पहिल्या बारांतच येऊन जातात. याला संपृक्तता म्हणतात. हा लेख नाचवत मी सरांकडे गेले. सरांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, "छान आहे. पंचवीस घे."

मुलाखत घेणं तरी बरं, ती उतरवून काढणं म्हणजे शिक्षा. एका तासाचं ध्वनिमुद्रण शब्दशः कागदावर आणायला माझे पाच-सहा तास जातात. आणि त्या तासाभरात सर्वांत जास्त छळतो तो आपलाच आवाज. एका मुलाखतीत मी ६१ वेळा "हं" म्हटलंय. मोजलेत. त्याहून वाईट जागा वेगळ्याच. माणूस बोलता बोलता थांबतो. स्वर खाली येतो. आता काहीतरी खरं, आतलं बोलणार, असं ऐकणाऱ्याला स्वच्छ कळतं. आणि तिथे ध्वनिमुद्रणातली मी उत्साहाने म्हणते, "बरं, पुढचा प्रश्न!" वाट पाहण्यावर प्रबंध लिहिणाऱ्या बाईला चार सेकंद थांबता येत नाही. असे प्रसंग अकरा मुलाखतींत सापडले. त्यानंतर मी शोधायचं सोडून दिलं.

मुलाखतीला जोड म्हणून एक प्रश्नावली होती, लिकर्ट मापनश्रेणीची. 'पूर्ण असहमत'पासून 'पूर्ण सहमत'पर्यंत पाच पर्याय, एकाला गोल करायचा. रेन्सिस लिकर्ट यांनी ही पद्धत १९३२ साली आपल्या पीएचडीच्या कामातून मांडली. एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाने पुढच्या सगळ्या विद्यार्थ्यांना कामाला लावलं, असं दुसरं उदाहरण माझ्या तरी माहितीत नाही. माझ्या प्रश्नावलीतले लोक मात्र सरसकट मधल्या 'तटस्थ'ला गोल करत होते. तासभर रांगेत तापलेला माणूससुद्धा कागद हातात आला की तटस्थ.

तेविसाव्या मुलाखतीला मी स्वतः उशिरा पोचले. चाळीस मिनिटं. कारण सांगण्यासारखं नाही. आदल्या रात्री बावीसावी उतरवत बसले होते आणि सकाळी जाग आली नाही. सत्तरी ओलांडलेल्या आजी बाकावर बसल्या होत्या. प्रश्नावली आधीच पाठवलेली, ती त्यांनी भरूनही ठेवली होती. मी धापा टाकत माफी मागितली. त्यांनी काही न बोलता कागद पुढे केला.

विधान क्रमांक चार: 'वाट पाहावी लागली की मला राग येतो.' पाचही पर्यायांना गोल. प्रत्येक गोलाखाली बारीक, सुबक अक्षरात वेळ टाकलेली. पूर्ण असहमत, ११:००. असहमत, ११:१०. तटस्थ, ११:१५. सहमत, ११:२५. पूर्ण सहमत, ११:३८.

मी म्हटलं, "आजी, एकालाच गोल करायचा असतो."

"मग एकाच वेळी यायचं होतं," त्या म्हणाल्या.

घरी येऊन ते उत्तर संगणकात भरायला गेले. सॉफ्टवेअर एका विधानाला पाच उत्तरं घेईना. सरासरी काढावी तर ती येते बरोब्बर तटस्थ. तो आकडा भरायला हात धजेना. शेवटी कागदच घेऊन सरांकडे गेले. त्या दिवशी दार उघडं होतं. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद उजेडाकडे धरला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मी पण बोलले नाही. मनात मोजत होते, चार सेकंद केव्हाच उलटले होते.

"इतरांच्या कागदावर वेळा आहेत?" त्यांनी विचारलं.

"नाहीत."

"मग हा कोणता प्रश्न आपण विचारलाच नव्हता, ते बघ. यांना पुन्हा भेट."

संध्याकाळी फोन केला. आजींनी सगळं ऐकून घेतलं.

"येते की. अकरालाच येते," त्या म्हणाल्या. "पण या खेपेला तू दहा-वीसला येऊन बस. आणि कागद आण तुझा, भरून ठेवायला."