अकरा महिने भरले म्हणजे नोकरी कायम? नाही

'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत सरकारी कार्यालयात अकरा महिने काम केलेल्या पदवीधरांना तिथेच कायम करणार' असा निरोप सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे.

ही योजना 2024 ची. मुदत मुळात सहा महिन्यांची होती, पुढे पाच महिने वाढली. गोंधळाचं मूळ बहुधा तिथेच. पदवीधराला दरमहा मिळणारे 10,000 रुपये हा पगार नव्हे, विद्यावेतन आहे. शेवटी हातात पडतं ते प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, नेमणुकीचा आदेश नाही. कायम करा, ही प्रशिक्षणार्थींची मागणी आहे, त्यासाठी आंदोलनंही झाली. पण मागणी आणि निर्णय यांत फरक असतो.

मी स्वतः एका कार्यालयात या योजनेतून बसलो होतो. आवक-जावक, टपाल, संगणकावरच्या नोंदी, सगळं नेहमीच्या लिपिकासारखंच. त्यामुळे 'आपण इथलेच' असं वाटू लागतं, हे मान्य. तरी सरकारी पद साधारणपणे जाहिरात आणि परीक्षेतून भरलं जातं. निव्वळ तात्पुरत्या कामामुळे कायम होण्याचा हक्क मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2006 च्या उमादेवी निकालातच सांगितलंय.

'कायम करण्याचा फॉर्म' म्हणून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.