शंभर मीटरच्या आत

रविवारी सकाळी पावणेसातला मी टॉवेल खांद्यावर, हातात बादली अशा अवस्थेत आमच्या वाड्याच्या चौकातून मागच्या संडासाकडे निघालो होतो आणि दिंडी दरवाजातून पंधरावीस जणांचा हेरिटेज वॉक आत आला. गळ्यात कॅमेरे, डोक्याला टोप्या. गाईड पोरगा सांगत होता, हे बघा सुरूदार खांब, वर महिरप, ह्या तुळया सागवानी. खरंय सगळं, पोराचा अभ्यास चांगला होता. मग एक मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, काका कित्ती लकी आहात तुम्ही, अशा ठिकाणी राहता!

मी हसलो. बादली हातात असताना माणूस दुसरं काय करणार. पण दिवसभर ते डोक्यात राहिलं म्हणून लिहितोय. पोस्ट मोठी होणार आहे, कामं असतील तर करून या.

आम्ही पुण्याच्या कसबा पेठेत आजोबांपासून. तीन खण जागा (खण म्हणजे दोन खांबांमधली जागा; हो, आमच्याकडे अजून खणातच मोजतात, स्क्वेअर फूट फ्लॅटवाल्यांसाठी), वर माडी, आणि माडीवर जायला तो अंधारा उभा जिना ज्याला धरायला दोर बांधलेला असतो. माझी आई ७४ वर्षांची आहे, गुडघे गेलेत, ती दोर धरून चढते. हेरिटेज वॉकवाले त्या दोराचे फोटो काढतात.

आणि आता मुद्दा. आमच्या माडीच्या खिडकीतून शनिवारवाड्याचा तट दिसतो. लहानपणी याचा फार अभिमान होता, शाळेत सांगत सुटायचो. मोठं झाल्यावर कळलं की ज्यांच्या खिडकीतून तट दिसतो त्यांचा वाडा बहुतेक शंभर मीटरच्या आत असतो. शनिवारवाडा हे केंद्राचं संरक्षित स्मारक, त्यामुळे त्याच्यापासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. २०१० साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि हे फारच कडक झालं. प्रतिबंधित भागात दुरुस्ती करता येते, तीही परवानगी काढून, पण पाडून नवीन बांधता येत नाही. सांगायला सोपं वाटतं. आता दुरुस्ती कशाची करणार ते बघा, भिंती मातीच्या भेंड्यांच्या म्हणजे कच्च्या विटांच्या, वरून चुन्याचा गिलावा, तुळयांना वाळवी, छपराची कौलं दर पावसाळ्याआधी शाकारायची तर शाकारणारा माणूस मिळत नाही, मिळाला तर तो वर चढायला तयार नाही कारण वासे त्याचं वजन पेलतील याची त्याला खात्री नाही. आजी म्हणायची १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा भिंतीत मुरलेलं पाणी अजून बाहेर आलेलं नाहीये. तेव्हा विनोद वाटायचा.

दर उन्हाळ्याच्या शेवटी नोटीस येते. इमारत धोकादायक आहे, तातडीने रिकामी करा किंवा दुरुस्त करा. रिकामी करून जायचं कुठे ते नोटिशीत नसतं. मागच्या वर्षी ती नोटीस डिंकाने थेट कोरीव चौकटीवरच चिकटवली, दीडदोनशे वर्षांचं लाकूड, वर सरकारी कागद. हे मात्र कुठल्या वॉकवाल्याने फोटो काढलेलं बघितलं नाही.

मालकाला शिव्या घालणं सोपं आहे पण मी घालणार नाही. आमचं भाडं किती आहे हे सांगायला मला लाज वाटते, एवढंच सांगतो की त्यात महिन्याचं दूध येणार नाही. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आला त्यातही वाढ वर्षाला ४ टक्केच, आता मुळात शेंबड्या रकमेवर ४ टक्के म्हणजे किती? मालकाने एवढ्यात कौलं बदलायची? तो बदलत नाही, आम्ही बदलत नाही कारण वाडा आमच्या नावावर नाही. आपल्या पदरचे दीड लाख घालून दुसऱ्याच्या भिंती कोण सावरेल? मग दोघं मिळून टेकू लावतो. सध्या पाच आहेत.

आता काही जण म्हणतील मग तो कायदाच काढून टाका. नाही. इथे माझं आणि आमच्या आळीतल्या बऱ्याच जणांचं भांडण होतं. तो कायदा नसता तर शनिवारवाड्याच्या चारही बाजूंनी काचेचे टॉवर उभे राहिले असते आणि दिल्ली दरवाजासमोर पार्किंगचा रॅम्प आला असता, आपल्या लोकांना मी ओळखतो. उंचीवर बंधन हवंच. पण दोन मजली वाडा पडायला आलाय तर त्याच जागी, तेवढ्याच उंचीचा, तसाच दर्शनी भाग ठेवून, आत प्रत्येकाला संडास असलेला दोन मजली वाडा बांधायला काय हरकत आहे? त्याने १७३२ सालच्या वास्तूचं काय बिघडणार आहे? मुळात आतला वाडा १८२८ च्या आगीत गेलाच, राहिलेत ते तट, दरवाजे, नगारखाना आणि जोती. त्याभोवती माणसं राहिली पाहिजेत का नकोत हे एकदा कुणीतरी ठरवा.

गंमत म्हणजे शेजारचा लाल महाल. बाहेरगावचे पाहुणे आले की आत जाऊन हात जोडतात, महाराजांनी शाएस्तेखानाची बोटं इथेच छाटली ना? जागा साधारण तीच हो, पण आत्ताची ही इमारत महापालिकेने ऐंशीच्या दशकात बांधलेली आहे, मी तिचं बांधकाम चालू असताना वाळूच्या ढिगावर खेळलोय. म्हणजे जुन्या जागेवर जुन्यासारखं नवीन बांधता येतं, हे याच पेठेत करून दाखवलेलं आहे. फक्त ते आमच्यासाठी नाही.

आणि एक गोष्ट मला त्या मुलीला सांगायची होती. वाडा म्हणजे कसबा नाही. कसबा म्हणजे तांबट आळीतली ठोकठोक. सकाळी नऊच्या सुमाराला सुरू व्हायची, एका घरात थांबली की दुसऱ्या घरात सुरू. बंब, घंगाळी, हंडे, सगळ्यावर ते मठारकाम, एकेक ठोका हाताने, आणि ठोके इतके सारखे की मशीनने केल्यासारखं वाटावं. स्टील आलं आणि बंब गेले, गिझर आले. मधे तांब्याच्या बाटल्यांची फॅशन आली तेव्हा जरा बरे दिवस आले, पण बाटल्या निम्म्या मशीनच्याच. आता ठोकठोक ऐकू येते पण मोजता येते, हा एक, तो दुसरा. पोरं आयटीत नाहीतर बँकेत. त्यांना तरी का दोष द्यायचा, माझा मुलगा तरी कुठे इथे राहतोय, वाकडला आहे. म्हणतो बाबा या इकडे, लिफ्ट आहे.

आई जात नाही. कसबा गणपतीला रोज सकाळी गेल्याशिवाय तिला चहा गोड लागत नाही. जिजाऊंच्या काळापासूनचं ग्रामदैवत, विसर्जनाला मानाचा पहिला, तिथे तिच्या ओळखीच्या दहाबारा बायका असतात, सगळ्यांचे गुडघे गेलेले. वाकडला कोण ओळखणार तिला. मेट्रो झाल्यापासून तर ती अजूनच अडून बसलीये. कसबा पेठ स्टेशनात बसलं की पुढे मंडई आणि मग स्वारगेट, सरकत्या जिन्यावर दोर धरावा लागत नाही म्हणते! २०२४ च्या सप्टेंबरात ते सुरू झालं त्या आठवड्यात ती काही काम नसताना तीनदा स्वारगेटला जाऊन आली. स्टेशनसाठी पेठेतले काही वाडे गेले, कुटुंबं हलली, तिची एक मैत्रीणही त्यातच दुसरीकडे राहायला गेली, तरी हिला मेट्रो आवडते. मला या दोन्ही गोष्टी एकत्र कशा ठेवायच्या कळत नाही, तिला काही अडचण येत नाही.

तर लकी का? गणपतीचे दहा दिवस विचाराल तर हो. जुलैत रात्री दोनला वरून माती पडल्याचा आवाज येतो आणि आम्ही तिघं अंथरुणात उठून बसतो, कुठला खण होता त्याचा अंदाज घेत, तेव्हा विचाराल तर वेगळं उत्तर येईल.

वॉकला जरूर या, पोरांना आणा, मी स्वतः माडी दाखवीन, एकेकाने चढा. फक्त रविवारी साडेसहा ते सव्वासात नळाला पाणी असतं, त्या वेळात चौकात गोल करून उभे राहू नका, बायकांना पाणी भरायचं असतं. आणि डाव्या हाताच्या खांबाला टेकू नका. तो टेकूवर आहे.