मूत्रपिंडातलं वांगं

सोनोग्राफी केली गॅससाठी, निघाला खडा. रिपोर्ट मी रिक्षातच उघडला. 'डाव्या मूत्रपिंडाच्या खालच्या कॅलिक्समध्ये 4 मिमीचा खडा.' दुसरा कुणी खडा वाचून घाबरला असता. मी 'कॅलिक्स'पाशीच अडकलो.

एकतीस वर्षं अकरावी-बारावीला वनस्पतिशास्त्र शिकवलं. कॅलिक्स म्हणजे निदलपुंज! कळीला झाकणारी, फुलाच्या बुडाशी राहणारी ती हिरवी वाटी. फळ्यावर हिरव्या खडूने किती वेळा काढली असेल. आता तीच माझ्या पोटात, आणि खडूच्या जागी खडा.

डॉक्टर म्हणाले, "सर, मूत्रपिंडात असे आठ-दहा छोटे पेले असतात. लघवी आधी त्यांत उतरते, मग दोन-तीन मोठ्या पेल्यांत, तिथून खाली. तुमचा खडा नेमका तळच्या पेल्यात बसलाय. तो वर चढून बाहेर येणार कसा?"

"आणि पाकळ्यांचा दलपुंज कुठे असतो?" माझ्या तोंडून गेलं.

त्यांनी रक्तदाब पुन्हा मोजला.

तसा दोष ग्रीकांचा. त्यांच्याकडे 'कॅलिक्स' म्हणजे कळीचं कवच आणि 'किलिक्स' म्हणजे दारूचा पेला. पुढे लॅटिन लिहिणाऱ्यांनी दोन्हींचा काला केला, तो आता मी निस्तरतोय.

भाच्याला फोन लावला. तो कीटकशास्त्रात एम.एस्सी. करतो. "मामा, कॅलिक्स मधमाशीच्या डोक्यात असतो! मेंदूत अळंबीसारखे दोन भाग असतात, 1850 साली दुजार्दॅं नावाच्या फ्रेंच माणसाने दाखवले. प्रत्येकावर दोन-दोन पेले. वास, रंग, सगळं त्यांत येऊन पडतं." मग जरा थांबून, "शिवाय मादी कीटकाच्या अंडाशयातही एक कॅलिक्स असतो. अंडी तयार करणाऱ्या नळ्या जिथे उघडतात ना, तिथे."

फोन स्पीकरवर होता. स्वयंपाकघरातून आवाज आला, "यांच्या डोक्यात बघ रे एखादा सापडतो का."

तोवर सोसायटीत बातमी पसरली होती. कुणी हुलग्याचं कढण सांगितलं, कुणी बिअर (हे सांगणारा स्वतः आणून देणार होता, निम्मी त्याची). शेजारच्या काकूंनी पानफुटीची कुंडीच दारात ठेवली. रोज दोन पानं चावायची म्हणे. झाड नेमकं फुलोऱ्यावर होतं. पानफुटीचा निदलपुंज बघितलाय कधी? फुगवलेल्या कागदी पिशवीसारखा, उलटा लोंबणारा. पानं राहिली बाजूला, मी भिंग आणायला आत गेलो.

आत भरली वांगी शिजत होती. वांग्याचं फळ वाढतं तसा त्याचा निदलपुंजही वाढत जातो. आपण ज्याला धरून वांगं उचलतो आणि ज्याचे काटे बोटांत जातात, तो तोच. ताटावर बसल्या बसल्या हिला हे सगळं सविस्तर सांगितलं.

"बियांचं बंद ना तुम्हाला?" ही म्हणाली. माझ्या ताटातलं वांगं उचलून तिने स्वतःच्या ताटात घेतलं, वरची काटेरी टोपी तेवढी खुडली आणि माझ्या भाताशेजारी ठेवली.

"घ्या तुमचा कॅलिक्स."