फोनवरच्या पाठपुराव्याने दारू सुटते का? खुलासा

‘दाखल होऊ नका, आठवड्याला एक फोन पुरतो’ असा संदेश फिरतो आहे. तो अर्धवट आहे, म्हणूनच घातक आहे.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जेम्स मकाय यांचा २००५ सालचा अभ्यास उपचाराचा पहिला टप्पा पूर्ण केलेल्यांवर होता. १२ आठवडे, दर आठवड्याला सुमारे १५ मिनिटांचा फोन. पहिले ४ आठवडे सोबत गटसभाही. बहुतेकांना याचा चांगला उपयोग झाला. मात्र पहिल्या टप्प्यात ज्यांची प्रगती झाली नव्हती, त्यांना प्रत्यक्ष गटोपचारच अधिक लाभला. नेमका हाच भाग संदेशातून गळला आहे.

फोन म्हणजे नुसती ख्यालीखुशाली नव्हे. गेल्या आठवड्यात प्यायलात का, ओढ कधी लागली, पगार किंवा लग्नकार्य जवळ आहे का, तेव्हा काय करणार, हे ठरवून विचारायचे. फोन चुकला तर त्याच दिवशी समुपदेशकाने परत लावायचा. घसरण बहुधा अशाच शांततेत सुरू होते.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवल्यावर थरथर, भास किंवा झटके आले, तर फोनवर सल्ला घेत बसू नका, थेट रुग्णालयात न्या. एरवी मार्गदर्शनासाठी १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे.