एवढ्यानं काय होतंय?

महिन्याभरापूर्वी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला, तो अजून विझलेला नाही. निमित्त माझ्या भाच्याचं. वय नऊ, उंची सात वर्षांच्या पोराएवढी, पोट कायम फुगलेलं, आणि वर्षभर लोहाचं औषध देऊनही हिमोग्लोबिन आठाच्या वर जायला तयार नाही. डॉक्टरांनी सिलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतडं बिघडतं त्या आजाराची, रक्ततपासणी सुचवली. त्यावर धाकट्या काकांनी लिहिलं, "हे गोऱ्यांचं फॅड आहे. आपल्या अण्णांनी नव्वद वर्षं पोळ्या खाल्ल्या, काय झालं त्यांना?" पाठोपाठ वहिनीच्या बहिणीचा सल्ला आला, "तपासणीच्या भानगडीत पडूच नका, सरळ गहू बंद करा. मी तीन महिने ग्लुटेन-फ्री आहे, सहा किलो उतरलं."

रात्री साडेअकराला मिलानच्या स्वयंपाकघरात उभ्यानं हे वाचलं आणि दोघांचाही राग आला. मला स्वतःला सिलिॲक आहे. एकतिसाव्या वर्षी, इथं आल्यावर कळलं. त्याआधीची पंधरा वर्षं मी घरात 'नाजूक पोटाची' म्हणून ओळखली जायचे.

काका, अण्णांनी पोळ्या नव्हत्या खाल्ल्या. अण्णा सोलापूर जिल्ह्यातले. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी वर्षाची भरून ठेवणारे. दोन्ही वेळेला भाकरी, आणि पोळी सणावाराला किंवा जावई आला तर. आमच्या ताटात रोज गहू आला तो रेशनच्या पिशवीतून आणि शाळेच्या डब्यातून, कारण डब्यात भाकरी नेली की पोरं हसायची. आमच्या भागानं शंभर वर्षांपूर्वी गहू पचवला याचा दाखला म्हणून अण्णांचं नाव घेऊ नका. त्यांनी तो फारसा खाल्लाच नाही.

आणि गोऱ्यांचं फॅड म्हणाल, तर 1960 च्या दशकातच उत्तर भारतातल्या डॉक्टरांनी मुलांमधल्या या आजाराची नोंद केली होती. दिल्ली-पंजाबच्या पट्ट्यात, जिथं गहू रोजचा, तिथं साधारण शंभरात एकाला तो सापडतो. दक्षिणेत, जिथं भात, तिथं फारच कमी. हॉलंडच्या डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होता, 1944-45 च्या उपासमारीच्या हिवाळ्यात त्याला बळ मिळालं. पाव मिळेनासा झाला तेव्हा ही आजारी मुलं सुधारली, पाव परत आला तशी पुन्हा खालावली. म्हणजे हे भरल्या पोटी सुचलेलं खूळ नाही. गहू, बार्ली आणि राय यांतल्या ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, अन्नातलं सत्त्व तीच शोषून घेते. ती झिजून सपाट होते. मग लोह द्या नाहीतर आणखी काही द्या, आत शिरायला जागाच उरत नाही. माझ्या भाच्याचं हेच झालंय असं मी म्हणत नाही. तपासल्याशिवाय कळणार नाही, एवढंच म्हणतेय.

वहिनीच्या बहिणीला माझं हात जोडून सांगणं आहे की तपासणीच्या आधी त्याचा गहू बंद करायला सांगू नका. रक्तातल्या ज्या प्रतिपिंडांवरून हा आजार ओळखतात, ती गहू चालू असतानाच नीट दिसतात. आधी बंद केला तर तपासणी खोटीच 'निल' येऊ शकते, आणि मग पोरगं आयुष्यभर 'आहे की नाही'च्या मधे लटकतं. तुमचं वजन उतरलं, आनंद आहे. पण तुम्ही रविवारी पाव खाता, हे मी तुमच्याच फोटोत पाहिलंय. तुमच्यासारख्या सुट्टी घेणाऱ्या ग्लुटेन-फ्रीमुळेच आमच्यासारख्यांना सगळीकडे ऐकावं लागतं, "एवढ्यानं काय होतंय?"

एवढ्यानं काय होतंय ते सांगते. एका पोळीत दोन-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. आम्हाला दिवसाला दहा मिलिग्रॅमच्या आत राहायचं असतं. एका पोळीचे अडीचशे तुकडे करा, त्यातला एक. परातीच्या कडेला वाळून बसलेली कणीक त्याहून जास्त भरते.

मिलानमध्ये मला हे कुणाला समजवावं लागत नाही. बारमध्ये 'सेन्सा ग्लुतिने', म्हणजे ग्लुटेनशिवाय, म्हटलं की कोर्नेत्तो, नाश्त्याचा गोड पाव, बंद पाकिटातच गरम होऊन येतो, पाकीट मी माझ्या हातानं फोडते. महिन्याला 90 युरो माझ्या तेस्सेरावर, म्हणजे सरकारी आरोग्य-कार्डावर, जमा होतात, सुपरमार्केटच्या गल्ल्यावर पिन टाकला की झालं. सहकारी स्त्रीच्या मुलीला शाळेच्या मेन्सात, म्हणजे जेवणघरात, वेगळं ताट मिळतं, 2005 च्या कायद्यानं. 2023 साली तर लहान मुलांची सिलिॲकसाठी देशभर चाचणी करायचा कायदा झाला. पास्ता हा ज्यांचा प्राण, त्या देशानं हे केलं. आणि आम्ही, ज्वारी-बाजरीच्या, वरी-राजगिऱ्याच्या, साबुदाण्याच्या मुलखातले, ज्यांच्या उपासाच्या ताटात गव्हाचा कणही नसतो, आम्ही एका पोराची रक्ततपासणी करावी की नाही यावर महिनाभर भांडतोय.

त्या सहकारी स्त्रीच्या मुलीच्या पहिल्या कम्युनियनला, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याच्या विधीला, मी गेले होते. व्हॅटिकनचा नियम असा की प्रसादाच्या चकतीत गव्हाचा अंश हवाच, पूर्ण ग्लुटेनविरहित चालत नाही. म्हणून अगदी अत्यल्प ग्लुटेनची चकती बनवतात. पाद्रीबाबांनी ती वेगळ्या छोट्या डबीत ठेवली होती. रांगेत तिची पाळी आली तेव्हा त्यांनी डबी तिच्यासमोर उघडली आणि ती तिनं स्वतःच्या बोटांनी उचलली. मागच्या बाकावर बसून मला रडू आलं.

कारण मला आमचा सत्यनारायण आठवला. तीन वर्षांपूर्वीचा, काकांच्याच घरचा. सव्वा किलो रव्याचा शिरा, केळं घातलेला, वर तुळशीचं पान. मी हात मागे घेतला तर काकू म्हणाल्या, "अगं, प्रसादानं कुणाला काही होत नसतं." सगळे बघत होते. मी खाल्ला. त्यांचं मन राखायला खाल्ला असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं, पण खरं ते नव्हतं. मला त्या पंगतीत बसायचं होतं. दहा वर्षं बाहेर राहिलेली, आता प्रसादही घेत नाही, असं कुणी म्हणू नये म्हणून मी खाल्ला. तीन तासांनी उलट्या सुरू झाल्या, दोन दिवस उठता आलं नाही. काकांना मी 'उन्हाचं झालं असेल' म्हणून सांगितलं.

ग्रुपवर मी हे लिहिलं नाही. मिलानमध्येही मी दोनदा आजारी पडलेय, एकदा तर ग्लुटेन-फ्री जेवण देणाऱ्यांच्या यादीत नाव असलेल्या जागी जेवून, तेही लिहिलं नाही. इथल्या कायद्यांच्या गोष्टी तेवढ्या लिहिल्या. दादानं उत्तर दिलं, "तिकडं सगळं छानच असतं गं तुझं." त्याला राग आला होता आणि तो बरोबर होता. त्याचा पोरगा आजारी आहे आणि बहीण त्याला इटलीचा कायदा वाचून दाखवतेय.

म्हणून आईबद्दल सांगते, कारण इटलीत नसलेलं काहीतरी तिनं केलं.

मला सिलिॲक आहे म्हटल्यावर आईला आधी काही उमगलं नव्हतं. ज्वारीची भाकरी चालते ना, मग झालं, असं ती म्हणाली. मग मी गिरणीचं सांगितलं. एकाच जात्यावर आधीच्या बाईचा गहू दळला, त्याच्यावर आपली ज्वारी टाकली की पहिल्या दोन-तीन किलोंत गव्हाचं पीठ उतरतं. बांधणी हिंगात मैदा असतो, डबीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, तेही सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे सोवळं पाळायचं." मला तो शब्द आवडत नाही. त्या शब्दानं आमच्या घरानं किती माणसांना उंबऱ्याबाहेर ठेवलं हे मी लहानपणी पाहिलंय. पण आईच्या हातात तो शब्द पहिल्यांदा एका माणसाला आत घेण्यासाठी आला, आणि तिला सगळं एका क्षणात कळलं. वेगळा तवा, वेगळं उलथनं, वेगळी काठवट, हिरव्या फडक्यात बांधलेला पिठाचा डबा. कुणी त्या डब्याला कणकेचा हात लावला तर ती आजही ओरडते.

मी यायच्या आदल्या दिवशी ती सकाळी सहाला गिरणीत जाते. गिरणीवाल्याला आधी झाडून घ्यायला लावते, मग घरचे तीन किलो तांदूळ दळायला लावते. ते पीठ शेजारच्या गोठ्यात जातं. त्यानंतर माझी ज्वारी. तिचं वय 71 आहे आणि गुडघे दुखतात. परत येताना माझ्या बॅगेत पंधरा-वीस कडक भाकऱ्या असतात, महिना-दीड महिना पुरतात. मिलानमध्ये भाकरी मोडताना जो कट्कन आवाज येतो, त्यानं माझी ऑफिसमधली जेवणाची सुट्टी सुरू होते.

तरी गेली तीन वर्षं मी सोलापूरला दहा दिवसांच्या वर राहिलेले नाही. सुट्टी मिळत नाही असं सांगते. मिळते. आईच्या स्वयंपाकघराबाहेर पडलं की प्रत्येक घरी नाही म्हणावं लागतं, आणि ज्यांच्या हातचं खाऊन मोठी झाले त्यांच्या तोंडावर नाही म्हणायचं बळ मला दहाच दिवस पुरतं. इथं मी परकी आहे, म्हणून नाही म्हणणं सोपं जातं. माझ्या भाच्याला परकं व्हायला कुठं जाता येणार नाही. त्याला सोलापुरातच, काकांच्याच घरात, शिरा नको म्हणता यायला हवं. वयाच्या नवव्या वर्षी. त्यासाठी त्याच्या बाजूनं बोलणारी मोठी माणसं घरात हवीत, आणि काका, त्यात तुम्ही हवे आहात.

परवा आईचा फोन आला होता. दादा सोमवारी त्याला रक्त द्यायला नेणार आहे, गहू अजून चालू आहे, एवढं तिनं आधी सांगितलं. मग दिवाळीला कधी येतेस ते विचारलं. मी म्हटलं, बघते, सुट्टीचं अजून नक्की नाही.

"नक्की कर आणि कळव," ती म्हणाली. "दळण तुझ्या एकटीचं टाकायचं की त्याचंही, तेवढं मला आठ दिवस आधी कळायला पाहिजे. ज्वारी निवडायला वेळ लागतो."