टाकीतली बाटली काढा, असं मी का म्हटलं

जतच्या ताईंना,

नमस्कार. फ्लश नीट होत नसेल तर काय काय पाहावं, या माझ्या लेखात 'टाकीत वीट किंवा बाटली ठेवली असेल तर आधी ती काढा' असं वाक्य होतं. दर फ्लशला पाणी कमी जावं म्हणून अनेकजण फ्लशच्या टाकीत ती ठेवतात. त्यावर तुम्ही लिहिलंत की सांगलीत कृष्णाकाठी राहून हे सांगणं सोपं आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या घरात पाणी तांब्यानं मोजावं लागतं. शिवाय ॲसिड ओतलं की भांडं मोकळं होतं, मग एवढा खटाटोप कशाला, असंही विचारलंत.

पाण्याचं तुमचं म्हणणं खरं आहे. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं पाणी जत तालुक्यात आलं म्हणून प्रत्येक घरातली ओढ संपली, असं नाही. पण बाटली काढा असं मी म्हणतो ते पाणी वाचावं म्हणूनच.

आपल्याकडच्या बहुतेक कमोडमध्ये मैला पाण्याच्या धक्क्याने पुढे ढकलला जातो. आतल्या वळणात, म्हणजे ट्रॅपमध्ये, साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम थांबलेलं असतं. त्याच्यामुळेच घरात वास येत नाही. ते ओलांडून मैला पलीकडे जायचा तर पुरेसं पाणी एकदम यावं लागतं. जुनी टाकी १० लिटरची असेल तर एक लिटरची बाटली कदाचित खपून जाईल. दोन बटणांच्या नव्या टाक्या मात्र बहुधा ६ आणि ३ लिटरच्या असतात. तिथे दोन लिटरची बाटली ठेवली की मोठ्या फ्लशला चारच लिटर उरतात. मग दुसऱ्यांदा बटण दाबावं लागतं आणि सहाच्या जागी आठ लिटर जातात. फ्लोट, म्हणजे टाकीतला तरंगता गोळा, खाली करून पाणी कमी करणं तर त्याहून वाईट, कारण पातळी उतरली की धक्क्याचा जोरही उतरतो.

याहून मोठी अडचण डोळ्यांना दिसत नाही. भांडं स्वच्छ दिसतं, पण मैला बाहेरच्या आडव्या पाइपात, चेंबरच्या अलीकडेच बसून राहतो. घर आणि सेफ्टी टँक यांच्यात अंतर जास्त आणि उतार कमी असेल, तर थोड्या पाण्याने तो तिथेच वाळतो आणि थरावर थर चढतो. मग एक दिवस पाणी भांड्यात वर चढतं आणि आपण भांड्याला दोष देतो. विटेचा आणखी एक ताप आहे. ती पाण्यात झिजते, तिची कच टाकीच्या तळाच्या वॉशरखाली अडकते आणि टाकी रात्रंदिवस झिरपत राहते. तुमच्या घरातलं पाणी खरं तिथे जात असेल. टाकीत थोडी नीळ टाका, अर्धा तास कुणी फ्लश करू नका. भांड्यात निळं उतरलं तर वॉशर बदला. तो स्वस्त मिळतो, आणि बाटलीने वाचत नाही एवढं पाणी तो वाचवतो.

टँकरच्या दिवसांत टाकी बंदच ठेवा. टाकीला पाणी देणारा अँगल कॉक फिरवून बंद करा आणि धुण्याचं, आंघोळीचं पाणी बादलीने थेट भांड्यात ओता. चार-पाच लिटर, कमरेच्या उंचीवरून, भोकावर नेम धरून, एका दमात. हळूहळू ओतलेलं पाणी नुसतं वाहून जातं, काम करत नाही. हे पाणी टाकीत मात्र भरू नका. साबणाचा गाळ आणि केस आतल्या व्हॉल्व्हमध्ये बसतात. नवं संडास बांधणार असाल तर जास्त उताराचं ग्रामीण भांडं बसवा. त्याच्या ट्रॅपमध्ये थांबलेलं पाणी २० मिलिमीटरच असल्याने दीड-दोन लिटरमध्ये भागतं. दुष्काळी गावाला माझ्या मते तेच योग्य, कमोडची हौस वयस्कर माणसांच्या गुडघ्यांसाठी राखावी.

आता ॲसिड. बोअरच्या जड पाण्याने कडेखालच्या भोकांत चुना धरतो. तो ॲसिडने विरघळतो, म्हणून तुम्हाला फरक दिसला असणार. पण पाइपातला बोळा किंवा सॅनिटरी पॅड ॲसिडने विरघळत नाही. ब्लिचिंग पावडर टाकलेल्या भांड्यात तर ॲसिड कधीही ओतू नका, क्लोरीन वायू सुटतो आणि बंद संडासात तो जिवावर बेतू शकतो. घरात लहान मुलं असतील तर ॲसिडची बाटलीसुद्धा ठेवू नका. भोकं तारेने साफ होतात.

एक विनंती. बाटली काढण्याआधी एक बादली पाणी जोरात ओतून बघा. सरळ खाली गेलं तर दोष टाकीत आहे. वर चढून सावकाश उतरलं तर पाइपात किंवा चेंबरमध्ये आहे. सेफ्टी टँक भरला असेल तर कुणालाही आत उतरवू नका, उपसणारी गाडीच बोलवा. काय दिसलं आणि टाकी किती लिटरची आहे ते लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.